परदेशात राहायला जाताना : घरभाडे आणि राहणीखर्चाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परदेशातील नोकरी पक्की झाली की पहिली चौकशी पगाराची होते आणि दुसरी भाड्याची. पगारातून भाडे वजा केले की उरले ते आपले, असा हिशेब बहुतेक जण मांडतात आणि पहिल्या तीन महिन्यांतच तो कोलमडतो. जाहिरातीतले भाडे हा घराच्या एकूण खर्चाचा एक भाग असतो. शिवाय दरमहाच्या खर्चापेक्षा घराची किल्ली हातात पडण्याआधी एकरकमी मोजावे लागणारे पैसे अनेकांना जास्त जड जातात. खालील उत्तरे मुख्यतः भाड्याच्या घरात राहणार असलेल्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत.

खर्चाचा अंदाज बांधायला सुरुवात कोठून करावी?

कर आणि सामाजिक सुरक्षेची वर्गणी वजा जाता बँक खात्यात प्रत्यक्ष जमा होणाऱ्या रकमेपासून सुरुवात करावी. नेमणुकीच्या पत्रात लिहिलेला वार्षिक आकडा ढोबळ असतो आणि दोन देशांतील ढोबळ आकड्यांची तुलना करण्यात फारसा अर्थ नाही. संयुक्त अरब अमिरातीत वैयक्तिक उत्पन्नावर कर नाही. जर्मनीत मात्र आयकराबरोबरच आरोग्य, निवृत्तिवेतन, बेरोजगारी आणि दीर्घकालीन शुश्रूषा या चार विम्यांचा नोकरदाराचा हिस्सा पगारातूनच कापला जातो.

हातात येणाऱ्या पगाराचीही तुलना जपूनच करावी. जर्मनीतील नोकरदाराचा आरोग्य विमा सहसा त्या कपातीतच आलेला असतो, तर स्वित्झर्लंडमध्ये मूलभूत आरोग्य विम्याचा हप्ता पगारातून कापला जात नाही; प्रत्येकाने तो स्वतः विमा कंपनीकडे भरायचा असतो, आणि मुलांचा हप्ताही वेगळा असतो. म्हणजे खात्यात तेवढीच रक्कम जमा झाली, तरी एका कुटुंबाची आरोग्याची तजवीज झालेली असते आणि दुसऱ्याची व्हायची असते. म्हणून कंपनीच्या मनुष्यबळ विभागाकडून नमुन्यादाखल एका महिन्याची पगारपावती मागून घ्यावी आणि कपातीची प्रत्येक ओळ कशासाठी आहे ते विचारून घ्यावे. अशी विचारणा करण्यात संकोच वाटण्याचे काहीच कारण नाही.

परदेशातील खर्च मायदेशाच्या चलनात रूपांतरित करून पाहावा का?

दोनच बाबतीत करावा : सुरुवातीला मायदेशातून न्यायची बचत आणि मायदेशात चालू राहणारी देणी, म्हणजे कर्जाचे हप्ते, विम्याचे हप्ते, घरच्यांना पाठवायची रक्कम. बाकी सगळा हिशेब तिथल्या पगाराच्या प्रमाणात मांडावा. प्रत्येक वस्तूच्या किमतीचा विनिमय दराने गुणाकार करत राहिले, की आवश्यक खर्चही उधळपट्टी वाटू लागतो आणि माणूस आरोग्य, ऊब, प्रवास अशा गोष्टींत नको तिथे काटकसर करतो. उलट, पगाराचा आकडा रूपांतरित करून पाहिला की तो अवास्तव मोठा दिसतो आणि प्रस्तावातील उणिवांकडे दुर्लक्ष होते. ही दुसरी चूक अधिक महाग पडते, कारण पगाराविषयी घासाघीस करण्याची संधी बहुधा एकदाच मिळते.

शहरांच्या महागाईच्या याद्यांवर किती विसंबावे?

शहरांचा साधारण क्रम कळण्यापुरते. मर्सर या सल्लागार संस्थेची यादी वारंवार उद्धृत होते. तिच्या २०२४ च्या क्रमवारीत हाँगकाँग पहिले, सिंगापूर दुसरे आणि झुरिक तिसरे होते. ही पाहणी घर, प्रवास, अन्न, कपडे, करमणूक अशा २०० हून अधिक बाबींच्या किमती घेते आणि न्यूयॉर्क शहर आधारभूत मानून तुलना करते. परदेशी पाठवल्या जाणाऱ्या कर्मचाऱ्यांचे भत्ते ठरवताना कंपन्यांना उपयोग व्हावा, हा तिचा हेतू आहे. साहजिकच ती पाहणी ज्या राहणीमानाचा विचार करते, ते प्रत्येक स्थलांतरिताचे असेल असे नाही. शिवाय विनिमय दर हलला, की शहरात एकही किंमत न बदलता त्याचा क्रमांक वर किंवा खाली जाऊ शकतो. तिथल्याच चलनात पगार मिळवणाऱ्याला या चढउताराने फारसा फरक पडत नाही.

आपल्या कामाची माहिती याहून लहान असते. कोणत्या भागात राहणार, कुटुंबात किती जण, रोज कुठे जायचे, मुलांची शाळा कोणती, एवढे ठरले की त्या भागातील घरांच्या जाहिराती आठवडाभर रोज पाहाव्यात. सरासरीपेक्षा त्यातून अधिक खरे चित्र मिळते. मात्र जाहिरातीत दिसते ते नव्याने निघालेल्या घरांचे भाडे असते. पूर्वीपासून राहणारे सहकारी सांगतात ते भाडे जुन्या कराराचे असते आणि जिथे भाडेवाढीवर कायद्याचे बंधन आहे, तिथे या दोहोंत मोठी तफावत आढळते.

पगाराचा किती हिस्सा घरावर खर्च करणे योग्य?

अमेरिकेच्या गृहनिर्माण खात्याच्या मापदंडानुसार उत्पन्नाच्या ३० टक्क्यांहून अधिक रक्कम घरावर जात असेल तर ते कुटुंब घरखर्चाच्या बोज्याखाली आहे असे धरतात. युरोपीय संघाची सांख्यिकी संस्था युरोस्टॅट ही मर्यादा खर्चयोग्य उत्पन्नाच्या ४० टक्क्यांवर ठेवते. दोन्ही ठिकाणी भाड्याबरोबर वीज, पाणी, इंधन यांचाही समावेश आहे, ही बाब मात्र सहसा लक्षात ठेवली जात नाही.

समजा, हातात १०० रुपये येतात. भाड्याला ३५ गेले, वीज-पाणी-उष्णतेला ६, स्थानिक कराला ४, इंटरनेट आणि घराच्या विम्याला २. म्हणजे ३५ वाटणारा खर्च ४७ वर पोहोचला. घर लांब असल्याने प्रवासाला आणखी ८ गेले तर ५५. उरलेल्या ४५ मध्ये अन्न, औषधे, शिक्षण, मायदेशी पाठवायचे पैसे आणि बचत बसवायची आहे. म्हणून घराचा खर्च मोजताना भाडे, घर चालवण्याचा खर्च आणि त्या घरामुळे करावा लागणारा प्रवास या तिन्हींची बेरीज धरावी.

जाहिरातीत दिलेल्या भाड्यात काय काय येते?

हे देशागणिक बदलते आणि गैरसमजाची सर्वाधिक शक्यता इथेच असते.

जर्मनीत दोन आकडे असतात. 'काल्टमीटे' म्हणजे निव्वळ जागेचे भाडे. 'वार्ममीटे' मध्ये त्याबरोबर उष्णता, पाणी, कचरा, जिन्याची सफाई यांसारखे खर्च धरलेले असतात. परंतु हे खर्च आगाऊ आणि अंदाजाने घेतले जातात. वर्षाअखेरीस घरमालक प्रत्यक्ष वापराचा हिशेब देतो आणि तो देण्यासाठी त्याला हिशेबाचा काळ संपल्यानंतर १२ महिन्यांची मुदत असते. त्यामुळे पहिल्या हिवाळ्यात सढळ हाताने घर गरम ठेवले, तर त्याची जादा आकारणी दीड-दोन वर्षांनी, माणूस ते विसरून गेलेला असताना दारात येऊ शकते. कमी वापर झाला असेल तर पैसे परतही मिळतात. स्वतःच्या घरातील वीज आणि इंटरनेट बहुधा या रकमेतही नसते, आणि सार्वजनिक प्रसारणाचे शुल्क प्रत्येक घरामागे वेगळे भरावे लागते.

इंग्लंडमध्ये 'कौन्सिल टॅक्स' हा स्थानिक कर सर्वसाधारणपणे घरात राहणाऱ्याने भरायचा असतो, घरमालकाने नव्हे. तो भाड्याच्या जाहिरातीत दिसत नाही. दुबईत वार्षिक भाड्याच्या ५ टक्के इतके गृहशुल्क महापालिका आकारते आणि ते वीज-पाण्याच्या बिलातून दरमहा विभागून वसूल होते. पहिले बिल पाहून वापर इतका कसा झाला असा प्रश्न पडतो, त्याचे एक कारण हे शुल्क असते.

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये भाडे आठवड्याचे सांगितले जाते. महिन्याचे भाडे काढण्यासाठी अनेक जण त्याला ४ ने गुणतात. वर्षात मात्र ५२ आठवडे असतात, ४८ नव्हेत. असा हिशेब करणाऱ्याच्या वार्षिक अंदाजपत्रकात पूर्ण चार आठवड्यांचे भाडे कमी पडते. आठवड्याच्या भाड्याला ५२ ने गुणून १२ ने भागावे.

म्हणून घरमालकाला किंवा दलालाला एकच प्रश्न लेखी विचारावा : या घरात एक महिना राहण्यासाठी मला एकूण कोणाकोणाला पैसे द्यावे लागतील? 'सगळे धरून' या तोंडी आश्वासनावर कधीही थांबू नये.

घराचा ताबा मिळण्यापूर्वी किती रक्कम हाताशी हवी?

सर्वसाधारण ठोकताळा म्हणून अनामत, पहिल्या महिन्याचे भाडे, दलाली असल्यास दलाली आणि सामानसुमान मिळून तीन ते सहा महिन्यांच्या भाड्याइतकी रक्कम वेगळी ठेवावी. यातला अनामतीचा भाग देशोदेशी कसा बदलतो ते पाहण्यासारखे आहे.

जर्मनीत कायद्याने अनामत जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या निव्वळ भाड्याइतकी घेता येते आणि ती तीन समान मासिक हप्त्यांत भरण्याचा भाडेकरूला हक्क आहे. नव्याने आलेल्या अनेकांना हा हक्क माहीत नसतो आणि ते सगळी रक्कम एकदम भरून मोकळे होतात. स्वित्झर्लंडमध्येही निवासी घरासाठी तीन महिन्यांची कमाल मर्यादा आहे आणि ती रक्कम भाडेकरूच्या नावाच्या गोठवलेल्या बँक खात्यात ठेवावी लागते. फ्रान्समध्ये रिकाम्या घरासाठी एक महिना आणि सुसज्ज घरासाठी दोन महिने, तर नेदरलँड्समध्ये १ जुलै २०२३ नंतरच्या करारांसाठी दोन महिने अशी मर्यादा आहे. इंग्लंडमध्ये २०१९ च्या कायद्यानुसार वार्षिक भाडे ५० हजार पौंडांपेक्षा कमी असल्यास पाच आठवड्यांच्या भाड्याहून अधिक अनामत घेता येत नाही आणि घरमालकाने ती ३० दिवसांत मान्यताप्राप्त संरक्षण योजनेत नोंदवावी लागते. कॅनडातील क्वेबेक प्रांतात तर घरमालकाला अनामतीची मागणीच करता येत नाही.

जपानमध्ये चित्र निराळे आहे. तेथे परत मिळणारी अनामत, म्हणजे 'शिकिकिन', आणि घरमालकाला द्यायची व कधीही परत न मिळणारी 'रेइकिन' अशा दोन रकमा असू शकतात. त्यावर दलालाचे शुल्क, हमी देणाऱ्या कंपनीचे शुल्क, आगीचा विमा आणि कुलूप बदलण्याचा खर्च चढतो. टोकियो परिसरात दर दोन वर्षांनी करार वाढवताना साधारण एका महिन्याच्या भाड्याइतके नूतनीकरण शुल्कही बऱ्याच करारांत असते. रेइकिन न घेणारी घरेही मिळतात आणि ती शोधण्यात चार दिवस अधिक गेले तरी ते सत्कारणी लागतात. दुबईत वर्षभराचे भाडे एक किंवा काही मोजक्या आगाऊ तारखांच्या चेकने देण्याचा रिवाज आहे. चेकची संख्या जितकी कमी तितके भाडे उतरण्याची शक्यता जास्त, पण त्यासाठी रोकड मोठी लागते. दक्षिण कोरियातील 'चोन्से' पद्धतीत मासिक भाडे नसते. त्याऐवजी घराच्या किमतीचा मोठा हिस्सा होईल एवढी रक्कम घरमालकाकडे ठेवायची आणि करार संपल्यावर परत घ्यायची असते. घरमालकाला ती परत करता आली नाही तर मोठे नुकसान होते आणि तशी प्रकरणे तिथे घडलेली आहेत. नवख्या माणसाने घराच्या नोंदणीची आणि त्यावरील कर्जाची तपासणी केल्याशिवाय या पद्धतीत शिरू नये.

स्थानिक पतइतिहास किंवा हमीदार नसताना घर कसे मिळते?

मिळते, पण बहुधा थोडे अधिक पैसे किंवा अधिक कागद द्यावे लागतात. न्यूयॉर्कमध्ये अर्जदाराचे वार्षिक उत्पन्न मासिक भाड्याच्या ४० पट असावे असा अनेक घरमालकांचा आग्रह असतो; जर्मनीत शूफा या संस्थेचा पतअहवाल, म्हणजे देणी वेळेवर फेडल्याची नोंद, मागितला जातो. नुकत्याच आलेल्या माणसाकडे यांपैकी काहीच नसते. अशा वेळी नोकरीचा करार, पगाराचा दाखला, मागील घरमालकाचे शिफारसपत्र, बँकेतील शिलकीचा दाखला आणि निवास परवाना यांचा एक नीट लावलेला संच, शक्य तर स्थानिक भाषेतील अनुवादासह, आधीपासून तयार ठेवावा. मागणी जास्त असलेल्या शहरांत पाहणीनंतर काही तासांत अर्ज करणाऱ्याला घर मिळते. कागद गोळा करायला दोन दिवस घेणाऱ्याला मिळत नाही.

कंपनी हमीदार राहील का हे विचारावे. फ्रान्समध्ये पात्र भाडेकरूंना 'विझाल' ही मोफत हमी योजना उपलब्ध आहे. सहा महिन्यांचे भाडे आगाऊ देण्याचा प्रस्ताव स्वतःहून पुढे करणे मात्र शेवटचा उपाय समजावा, कारण घरात दोष निघाल्यास घरमालकावर दबाव आणण्याचे साधन हातून गेलेले असते; शिवाय काही ठिकाणी असे आगाऊ भाडे घेण्यावर कायद्याने निर्बंध आहेत.

विमानात बसण्यापूर्वीच घर पक्के करावे का?

शक्यतो नाही. पहिले चार ते सहा आठवडे अल्पमुदतीच्या सुसज्ज जागेत राहावे आणि त्या काळात शहर पायाखाली घालून घर निवडावे. अशी जागा महाग पडते हे खरे, परंतु चुकीच्या भागातील वर्षभराच्या करारापेक्षा ती स्वस्तच ठरते. ही जागा घेताना तिच्या पत्त्यावर रहिवासी नोंदणी करता येते का, हे मात्र आधी विचारावे. जर्मनीत राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत पत्त्याची नोंद करणे बंधनकारक आहे आणि ती झाल्याशिवाय कर क्रमांक, बँक खाते अशी पुढची कामे अडतात.

फसवणुकीबद्दल स्पष्टच लिहिणे आवश्यक आहे. घरमालक परगावी असल्याचे सांगतो, किल्ली टपालाने पाठवण्याचे वचन देतो, भाडे परिसरातल्या इतर घरांहून बरेच कमी असते आणि अनामत ताबडतोब पाठवण्याची घाई करतो. ही लक्षणे एकत्र दिसली की संवाद तिथेच थांबवावा. स्वतः किंवा विश्वासातल्या माणसाने घर आतून पाहिल्याशिवाय आणि करार हाती आल्याशिवाय एक पैसाही पाठवू नये.

रिकामे घर घ्यावे की सुसज्ज?

दोन वर्षांच्या आत परतायचे असेल तर बहुधा सुसज्ज घर परवडते. अधिक काळ राहायचे असेल तर रिकामे घर घेऊन जुने फर्निचर जमवणे फायद्याचे ठरते. मात्र 'रिकामे' म्हणजे किती रिकामे, हे विचारायला विसरू नये. जर्मनीत ओटा, कपाटे आणि शेगडीसुद्धा नसलेली स्वयंपाकघरे सर्रास आढळतात. नेदरलँड्समध्ये जमिनीवरचे आच्छादनही आधीचा भाडेकरू घेऊन गेलेला असू शकतो. आधीच्या भाडेकरूकडून या वस्तू विकत घेण्याची पद्धत दोन्हीकडे आहे आणि त्या व्यवहारात किंमत कमी करून मागायला हरकत नसते.

वीज आणि घर गरम वा थंड ठेवण्याचा खर्च आधी कसा ताडावा?

युरोपीय संघात आणि ब्रिटनमध्ये भाड्याने द्यायच्या घराला ऊर्जा प्रमाणपत्र लागते आणि त्यावर बहुतेक ठिकाणी ए ते जी अशी श्रेणी असते. तळाच्या श्रेणीतील घराचे भाडे कमी असले, तरी हिवाळ्यातील बिल तो फरक गिळून टाकू शकते. फ्रान्सने तर १ जानेवारी २०२५ पासून जी श्रेणीतील घरे नव्याने भाड्याने देण्यास मनाई केली आहे. घर पाहताना खिडक्या दुहेरी काचेच्या आहेत का, भिंतींच्या कोपऱ्यांत ओलीचे काळे डाग आहेत का, उष्णता विजेवर आहे की वायूवर, हे बघावे आणि मागील वर्षाची बिले दाखवण्याची विनंती करावी. उष्ण प्रदेशात हाच प्रश्न वातानुकूलनाबाबत विचारावा : थंडावा इमारतीच्या सामाईक यंत्रणेतून येतो का, आणि येत असल्यास त्याचे शुल्क कोण भरतो?

आरोग्य विम्यासाठी वेगळी तरतूद हवी का?

हवी, आणि ती पहिल्याच दिवसापासून. स्वित्झर्लंडमध्ये राहायला आल्यापासून तीन महिन्यांत मूलभूत आरोग्य विमा घ्यावा लागतो, परंतु तो आगमनाच्या तारखेपासून लागू होतो. म्हणजे तिसऱ्या महिन्यात विमा घेतला तरी आधीचे हप्ते भरावेच लागतात. ब्रिटनच्या दीर्घ मुदतीच्या व्हिसासाठी आरोग्य अधिभार संपूर्ण मुदतीचा मिळून अर्जाच्या वेळीच एकरकमी घेतला जातो. चार जणांच्या कुटुंबासाठी ही रक्कम प्रवासखर्चाहून कितीतरी मोठी होऊ शकते आणि कंपनी ती कुटुंबीयांसाठीही देणार का, हे लेखी घेतलेले बरे. अमेरिकेत विम्याचा हप्ता भरूनही उपचाराच्या वेळी ठरावीक मर्यादेपर्यंतचा खर्च स्वतः सोसावा लागतो. तेथे योजना निवडताना हप्त्याबरोबर ही मर्यादाही पाहावी आणि तेवढी रक्कम हाताशी ठेवावी.

एका देशातून दुसऱ्या देशात पैसे पाठवताना किती तोटा होतो?

शुल्क आणि विनिमय दरातील फरक असे दोन मार्गांनी पैसे कापले जातात, आणि 'शून्य शुल्क' अशी जाहिरात करणारी सेवा दुसऱ्या मार्गाने वसुली करत असू शकते. जागतिक बँकेच्या पाहणीत लहान रकमा पाठवण्याचा जागतिक सरासरी खर्च अनेक वर्षे ६ टक्क्यांच्या वर राहिला आहे; संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांत तो २०३० पर्यंत ३ टक्क्यांच्या खाली आणण्याचे ठरले आहे. तुलना करण्याची सरळ रीत अशी : पाठवणाऱ्याच्या खात्यातून किती गेले आणि घेणाऱ्याच्या खात्यात किती पोहोचले, एवढेच पाहावे. अनामतीसारखी मोठी रक्कम पाठवताना पडताळणीसाठी काही दिवस लागू शकतात, म्हणून करारावर सही करण्याच्या तारखेच्या आधी पुरेसा अवकाश ठेवावा.

कंपनीशी बोलताना पगाराखेरीज काय मागावे?

विमानभाडे आणि सामान वाहतूक यांचा विचार सहसा झालेला असतो. मागायच्या गोष्टी पुढील आहेत : तात्पुरत्या निवासाचे पहिले काही आठवडे, घर शोधणाऱ्या मदतनीसाचे शुल्क, अनामतीसाठी बिनव्याजी उचल, व्हिसा आणि आरोग्य अधिभार, मुलांच्या शाळेचे शुल्क, आणि पहिल्या वर्षी दोन्ही देशांची करविवरणपत्रे भरून देणारा सल्लागार. यांतील बिनव्याजी उचल मिळवणे सर्वांत सोपे आणि सर्वांत उपयोगी असते, कारण कंपनीला तिचा खर्च फारसा येत नाही आणि आपली सुरुवातीची अडचण नेमकी रोख रकमेचीच असते. या सवलतींवर यजमान देश कर आकारतो का आणि आकारल्यास तो कर कंपनी सोसेल का, हेही त्याच पत्रात यावे. ठरावीक काळाआधी नोकरी सोडल्यास स्थलांतराचा खर्च परत करण्याची अट असेल, तर दर महिन्यागणिक ती रक्कम कमी होत जावी असा आग्रह धरावा.

मुलांच्या शाळेविषयी एवढेच सांगणे पुरे, की आंतरराष्ट्रीय शाळेचे वार्षिक शुल्क काही शहरांत घरभाड्याच्या बरोबरीने जाते. सरकारी शाळा चांगली असलेल्या भागात थोडे जास्त भाडे देणे अनेक कुटुंबांना एकंदरीत स्वस्त पडते.

दोन्ही देशांत कर भरावा लागेल का?

अनेक देश वर्षात १८३ दिवस किंवा त्याहून अधिक वास्तव्य हा रहिवासी ठरवण्याचा एक निकष मानतात, परंतु तो एकमेव नसतो. घर, कुटुंब आणि आर्थिक हितसंबंध कुठे आहेत हेही पाहिले जाते. अमेरिका आपल्या नागरिकांवर ते जगात कुठेही राहिले तरी कर आकारते. दुहेरी कर टाळण्याचे करार आणि सामाजिक सुरक्षेचे करार दोन देशांत असल्यास बोजा हलका होतो, पण त्यासाठी प्रमाणपत्रे वेळेत घ्यावी लागतात. वर्षाच्या मध्यावर स्थलांतर करणाऱ्याने सल्लागाराची फी हा अंदाजपत्रकातील आवश्यक खर्च समजावा.

करार मुदतीआधी सोडावा लागला तर?

सही करण्यापूर्वी बाहेर पडण्याची अट शोधावी. जर्मनीत बेमुदत करारातून भाडेकरूला साधारणपणे तीन महिन्यांच्या सूचनेने बाहेर पडता येते. सिंगापूरमध्ये दोन वर्षांच्या करारात, नोकरी सुटल्यास किंवा बदली झाल्यास साधारण वर्षभरानंतर दोन महिन्यांच्या सूचनेने करार संपवण्याची मुभा देणारे 'राजनैतिक कलम' घालून घेण्याची प्रथा आहे. ते आपोआप येत नाही, मागावे लागते. मुद्रांक शुल्कही तिथे सहसा भाडेकरूच भरतो आणि चार वर्षांपर्यंतच्या करारावर ते एकूण भाड्याच्या ०.४ टक्के असते. ज्याचा व्हिसा नोकरीशी बांधलेला आहे, त्याने असे कलम नसलेल्या दीर्घ करारावर सही करू नये, मग घर कितीही पसंत असो.

अनामत पूर्ण परत मिळावी यासाठी काय करावे?

याची तयारी घर सोडताना नव्हे, ताबा घेतानाच करावी लागते. किल्ली मिळाल्यावर सामान आत नेण्यापूर्वी दिवसाउजेडी प्रत्येक खोली फिरावी. भिंतीवरील खिळ्यांची भोके, जमिनीवरचे ओरखडे, न्हाणीघरातल्या सांध्यांमधील बुरशी, नीट न लागणारे दार, ओव्हनच्या आतली बाजू, गादीखालचा डाग, पडद्याची तुटलेली दोरी यांचे फोटो काढावेत. नळ सोडून गरम पाणी किती वेळात येते ते पाहावे. वीज, पाणी आणि वायूच्या मीटरवरील आकडे मीटरच्या क्रमांकासह टिपावेत. हे सारे ताबापत्रात लिहून घ्यावे आणि फोटो त्याच दिवशी घरमालकाला ईमेलने पाठवावेत, म्हणजे तारखेचा पुरावा आपोआप तयार होतो. ताबापत्र स्थानिक भाषेत असेल आणि समजत नसेल, तर अनुवाद होईपर्यंत सही करू नये किंवा सहीशेजारी आपल्या हरकती लिहाव्यात.

नेहमीच्या वापराने होणारी झीज आणि निष्काळजीपणाने झालेले नुकसान यांत बहुतेक देशांचे कायदे फरक करतात. उन्हाने फिका पडलेला रंग ही झीज आहे, कपाट आदळून पडलेला खड्डा हे नुकसान. घरमालकाने कपात केल्यास प्रत्येक बाबीचा तपशील आणि बिल मागावे. इंग्लंडमध्ये अनामत योजनेकडे मोफत तंटानिवारणाची सोय आहे, ऑस्ट्रेलियात ती रक्कम सर्वसाधारणपणे राज्याच्या प्राधिकरणाकडेच जमा असते. घर सोडल्यावर काही महिन्यांनी परतावा किंवा अखेरचे बिल येऊ शकते, म्हणून देश सोडला तरी तिथले बँक खाते लगेच बंद करू नये आणि नवा पत्ता घरमालक, वीज कंपनी व कर कार्यालय या तिघांनाही लेखी कळवावा.